टॅबलेटसाठी हाताने शिवलेलं चामडी कव्हर: पुढून नको, कडेनं बघा

टॅबलेटचं चामडी कव्हर दुकानदार नेहमी पुढून दाखवतो. ऑनलाइन फोटोही पुढूनच: लाकडी टेबल, कॉफीचा कप, बाजूला चष्मा आणि मधोमध तपकिरी, चकचकीत कव्हर. पण पुढची बाजू देखणी करणं हे चामड्याच्या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. रंगाचा जाड थर मारला की टाकाऊ कातडंही साजरं दिसतं. कव्हर उलटं करा, कड डोळ्यांसमोर आडवी धरा, बोट आत घालून कोपऱ्यात फिरवा. मालाची खरी प्रत तिथे कळते.

हाताने केलेल्या कव्हरांत तीन प्रकार मिळतात. एक, टॅबलेट सरकवून ठेवायचं साधं पाकीट, म्हणजे स्लीव्ह. दुसरं, पुस्तकासारखं उघडणारं फोलिओ, ज्यात टॅबलेट कायमचा बसवलेला असतो आणि कव्हर दुमडून स्टँडही होतो. तिसरं, तिन्ही बाजूंनी झिप असलेलं. निकाल आधीच सांगून टाकतो: चामडं हवंच असेल तर स्लीव्ह घ्या. फोलिओ विचार करून घ्या, झिपचं टाळा. चामडं म्यानासाठी उत्तम, टेकूसाठी नाही.

ॲपलचं स्वतःचं चामडी स्लीव्ह २०१७ मध्ये आयपॅड प्रोसाठी आलं होतं, वर ॲपल पेन्सिलीचा, म्हणजे पडद्यावर लिहायच्या पेनचा, कप्पा असलेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने आपल्या कुठल्याच नव्या उत्पादनात चामडं वापरणार नाही असं जाहीर केलं. त्यामुळे आता चामडी कव्हर म्हणजे इतरांचंच काम: कानपूर, कोलकाता, चेन्नईचे कारखाने, धारावीतली दुकानं आणि एक-दोन माणसांनी चालवलेल्या छोट्या कार्यशाळा. मॉडेलचं अचूक माप बघून माल बनेलच याची हमी यातले सगळे देत नाहीत. म्हणून सुरुवात मापापासून.

‘अकरा इंच’ हे माप नव्हे. तो पडद्याचा कर्ण आहे. अकरा इंची आयपॅड एअर (एम२) २४७.६ × १७८.५ × ६.१ मिमी भरतो. आयपॅड प्रोचं अकरा इंची एम४ मॉडेल २४९.७ × १७७.५ × ५.३ मिमी. अकरा इंचीच सॅमसंग गॅलेक्सी टॅब एस९ मात्र २५४.३ × १६५.८ × ५.९ मिमी, म्हणजे एअरपेक्षा सव्वा सेंटीमीटर अरुंद आणि जवळपास सात मिमी लांब. एकाचं कव्हर दुसऱ्याला ‘चालून जाईल’ असं सांगणारा विक्रेता एक तर टॅबलेट ओळखत नाही, नाही तर तुम्हाला ओळखत नाही.

स्लीव्हच्या मापाचा हिशोब सोपा आहे आणि गिऱ्हाइकाला तो यायला हवा. दोन सपाट तुकडे कडेने शिवले की आत टॅबलेट गेल्यावर दोन्ही तुकडे जाडीवरून वळतात. त्यामुळे एका शिवणीपासून समोरच्या शिवणीपर्यंतचं अंतर म्हणजे टॅबलेटची रुंदी, अधिक त्याची जाडी, अधिक दोनेक मिमी सैल. आयपॅड एअरसाठी १७८.५ + ६.१ + २, म्हणजे साधारण १८७ मिमी. आत एक मिमी जाडीचं अस्तर असेल तर ते दोन्ही बाजूंना येतं, म्हणून आणखी दोन, १८९. शिवणीबाहेर कडेला प्रत्येकी चार मिमी सोडले की तयार कव्हरची रुंदी १९७ मिमीच्या आसपास येते. ‘टॅबलेटपेक्षा एक सेंटीमीटर मोठं केलंय’ असं कुणी म्हणालं तर हा हिशोब त्याने केलेला नाही असं समजा. तेवढ्यात फक्त कडा बसतात, टॅबलेट बसत नाही.

पेन्सिल लावून ठेवायची सवय असेल तर हिशोब पुन्हा बदलतो. ॲपल पेन्सिल (दुसरी पिढी) आणि पेन्सिल प्रो, दोन्ही ८.९ मिमी जाड आहेत. पेन्सिल कडेला चिकटलेली ठेवूनच टॅबलेट आत सरकवायचा तर रुंदीत तेवढी भर पडते, शिवाय सहा मिमीच्या टॅबलेटशेजारी नऊ मिमीची पेन्सिल आल्याने ती बाजू फुगते. घट्ट कव्हरमध्ये पेन्सिल आत जाताना वाकडी होते आणि चुंबकावरून सुटते. ऑर्डर देताना ‘पेन्सिलसकट’ हा शब्द स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे.

नवं चामडी स्लीव्ह थोडं घट्टच असावं. वनस्पतीजन्य सालींनी कमावलेलं कातडं पहिल्या काही आठवड्यांत टॅबलेटच्या आकाराला बसतं आणि सैलावतं. कसोटी अशी: टॅबलेट आत घालून, खाली गादी ठेवून कव्हर उलटं धरा. टॅबलेट आपोआप धपकन बाहेर आला तर कव्हर आजच सैल आहे, सहा महिन्यांनी काय होईल ते उघड आहे. हलकासा झटका दिल्यावर हळूहळू सरकत आला तर बरोबर. ओढूनही येत नसेल तर परत करा, कारण ओढताना बोटं पडद्याच्या कडेवरच जोर देतात.

आता कातडं. ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का बघून खूश होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की हे कुठल्या ना कुठल्या प्रकारचं चामडं आहे. जाड कातडं मशीनवर आडवं चिरलं की वरचा थर मजबूत, नैसर्गिक छिद्रांचा निघतो आणि खालचा थर सैल तंतूंचा. त्या खालच्या थरावर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवून त्यावर दाणे उठवतात, आणि तोही ‘जेन्युइन’ म्हणूनच विकला जातो. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. वर पातळ, चकचकीत पापुद्रा आणि खाली मऊ, केसाळ तंतू असे दोन वेगळे थर दिसले की तो चिरलेला थर. कडेवर जाड रंग मारून हे झाकलं असेल तर कव्हर आतल्या बाजूला दुमडा. अस्सल वरच्या थरावर बारीक, अनियमित सुरकुत्या पडतात आणि तिथला रंग क्षणभर बदलतो. रंगाच्या थरावर मोठ्या, गुळगुळीत घड्या पडतात आणि रंग तसाच राहतो.

‘वीगन लेदर’ म्हणजे बहुतेक वेळा कापडावरचं पॉलियुरेथेन. प्राण्यांचं काही नको म्हणून घेणाऱ्यांचा तो निर्णय आहे, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. पण टिकाऊ म्हणून घेत असाल तर दमट हवेत पॉलियुरेथेनचं हळूहळू विघटन होतं हे माहीत असू द्या. मुंबई-कोकणात सोफ्यांचे आणि बॅगांचे पापुद्रे निघतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

स्लीव्हसाठी १.४ ते १.६ मिमी जाडी पुरेशी असते. काही कारागीर जाडी औंसात सांगतात: एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी, तेव्हा चार औंस म्हणजे १.६. दोन मिमीचं कातडं हातात घेतल्यावर भारदस्त वाटतं, पण अकरा इंची टॅबलेटच्या स्लीव्हला दोन्ही बाजू मिळून जवळपास ०.१ चौरस मीटर चामडं लागतं. दीड मिमीने ते साधारण १५० ग्रॅम भरतं, दोन मिमीने २०० ग्रॅम. अकरा इंची आयपॅड एअर (एम२) स्वतः ४६२ ग्रॅमचा. फोलिओत अस्तर, पुठ्ठा आणि चुंबक मिळून हे वजन आणखी वाढतं. नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही.

कोणतं कातडं? राज्यात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथलं कातडं प्रामुख्याने म्हशीचं आणि शेळी-मेंढीचं. म्हशीचं कातडं चिवट, पोत जाड, दाणा मोठा; कव्हरच्या बाहेरच्या बाजूला चांगलं. शेळीचं पातळ पण जाडीच्या मानाने भक्कम, अस्तराला उत्तम. मेंढीचं हाताला लोण्यासारखं लागतं आणि तिथेच फसवतं: वरचा पापुद्रा खालच्या थरापासून सुटतो. जॅकेटला ठीक, कव्हरला नको.

कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं मऊ, पाणी सोसणारं, रंग टिकवणारं. कापलेल्या कडेचा गाभा रंगवलेला नसेल तर तो निळसर-राखाडी दिसतो. झाडांच्या सालींनी कमावलेलं ताठ, आकार धरणारं, घासून कड गुळगुळीत करता येणारं आणि वापराने, उन्हाने गडद होत जाणारं. कोल्हापुरी चपलेचं कातडं या दुसऱ्या प्रकारातलं, बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ‘कोल्हापुरी लेदर’ असं लिहून लॅपटॉप-टॅबलेटची कव्हरं विकायची हौस वाढली आहे. मानांकन चपलेला आहे, कव्हरला नाही. चपलेच्या तळव्याचं जाड कातडं पातळ न करता कव्हरला लावलं तर ते कोपऱ्यात वळत नाही आणि तिथे चिरतं. तसं कव्हर घ्यायचंच असेल तर जाडी मोजून घ्या.

दमट हवेत राहणाऱ्यांनी, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडच्यांनी, क्रोम कातडं घ्यावं असं आमचं मत. पुणे, नाशिक, नागपूरला सालीचं चांगलं राहतं. सालीच्या कातड्याचा एक खास शत्रू आहे: लोखंड. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र आले की काळीभोर शाई होते, ही जुनी रीत. ओल्या कव्हरवर किल्लीचा जुडगा पडून राहिला तर नेमकं तेच घडतं आणि काळा-निळा डाग उमटतो. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाने तो बराच फिका होतो. जुना झाला की कव्हरचाच भाग होतो.

शिवण. हाताची शिवण म्हणजे सॅडल स्टिच: एकच मेणवलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन दोरे मधे एकमेकांत अडकतात. फरक तुटल्यावर कळतो. मशीनचा एक टाका झिजून तुटला की शेजारचे सैल होत जातात. हाताच्या शिवणीत एक तुटला तरी दुसरं टोक त्याच भोकातून गेलेलं असतं, त्यामुळे उसवत नाही. अकरा इंची स्लीव्हच्या तीन बाजूंची शिवण साधारण ७२ सेंटीमीटर होते. चार मिमीवर एक टाका धरला तर १८० च्या आसपास भोकं, आणि दोरा शिवणीच्या चौपट, म्हणजे तीन मीटरच्या जवळ. प्रत्येक भोकाला दोनदा सुई, दोनदा ओढ. हे काम ‘हाताने शिवलेलं’ म्हणून चारशे-पाचशे रुपयांत कुणी देत असेल तर मजुरीचा हिशोब जुळत नाही, एवढं समजण्यासाठी चांभारकाम यावं लागत नाही.

हाताची शिवण ओळखायला दोन्ही बाजू बघा. टाके पुढून किंचित तिरके आणि मागूनही जवळपास तसेच. मशीनचे टाके वरून सरळ रेषेत आणि खालून ठिपक्यांसारखे बसलेले. मशीनची शिवण वाईट असते असं मात्र नाही. जाड बाँडेड नायलॉन दोऱ्याची चांगली शिवण वर्षानुवर्षं टिकते. मशीनची शिवण हाताची म्हणून विकणं हे वाईट.

टाक्यांमधलं अंतर फार कमी असेल तर ते कौतुकाचं नाही. एक मिमीच्या पातळ कातड्यावर अडीच-तीन मिमीवर भोकं पाडली की कड पोस्टाच्या तिकिटासारखी होते, आणि ओढ बसली की त्याच रेषेत फाटते. दीड मिमीला साडेतीन ते चार मिमी अंतर योग्य. दोरा खाचेत थोडा बुडालेला असावा, म्हणजे पिशवीत घासून तो झिजत नाही. आणि सगळ्यात जास्त ताण बसतो तो तोंडाशी, जिथे शिवण संपते. तिथे दोरा कडेवरून दोनदा वळवून घेतलेला आहे का, आणि दोन-तीन टाके उलटे घातलेत का, ते बघा. नसतील तर पहिली उसवण तिथूनच.

कड दोन प्रकारे पूर्ण करतात. सालीच्या कातड्याची कड आधी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, सारखी करून, ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, ओली करून किंवा डिंक लावून लाकडाने रगडतात. नीट झाली की दोन तुकडे चिकटवल्याची रेषाच दिसत नाही, एकच फळी वाटते. क्रोम कातड्याला कडेचा रंग लागतो. तो पातळ, तीन-चार हातांत, मधे घासत दिलेला असेल तर टिकतो. एकाच जाड हातात दिलेला कोपऱ्यावर नेलपॉलिशसारखा सुटतो. कव्हर थोडं वाकवून कोपऱ्यावर नख दाबा. रंगाला भेग पडली तर उत्तर मिळालं. मग दोन नखांनी कडेचे थर वेगळे करायचा प्रयत्न करा. फट दिसली तर चिकटवण नीट बसलेली नाही, आणि उन्हातल्या गाडीत ती आणखी सुटेल.

आतली बाजू बहुतेक जण बघतच नाहीत. अस्तर नसलेल्या स्लीव्हमध्ये कातड्याची केसाळ बाजू आत येते. ती घासून, डिंक लावून बसवलेली नसेल तर तंतूंचा भुसा निघतो आणि थेट यूएसबी-सीच्या भोकात जाऊन बसतो. काही महिन्यांनी चार्जर नीट बसेनासा होतो आणि दोष केबलला दिला जातो. पांढरा रुमाल आत घालून फिरवा, भुसा लगेच दिसेल. तोच रुमाल ओला करून बाहेरच्या बाजूवर दहा वेळा घासा: रंग उतरला तर पांढऱ्या कुर्त्यावरही उतरणार. गडद लाल आणि निळ्यात हा प्रकार जास्त. टिचबटण किंवा रिव्हेट असेल तर त्याची मागची पत्री आतून चामड्याच्या तुकड्याने झाकलेली हवी. उघडी असेल तर टॅबलेटच्या पाठीवर ओरखडा ठरलेला.

चुंबकाचं कुलूप दिसायला सुबक असतं, पण टॅबलेटमध्ये चुंबक ओळखणारे सेन्सर असतात. कव्हर बंद झालं की पडदा विझतो तो त्यांच्यामुळेच. चुंबक भलत्या जागी असेल तर झाकण मागे दुमडून वाचत असतानाही पडदा विझत राहतो. म्हणून दुकानातच झाकण सगळ्या बाजूंनी दुमडून बघा. गॅलेक्सी टॅबच्या एस पेनने चित्रं काढणाऱ्यांनी तर पाठीमागे जोरदार चुंबक असलेलं कव्हर घेऊच नये, चुंबकाच्या वर रेघ वाकडी जाते. आणि फोलिओत कार्डांचा खण चुंबकाशेजारी असेल तर काळ्या पट्टीवर चालणारी कार्डं, हॉटेलची चावी वगैरे, तिथे ठेवू नका.

फोलिओबद्दल मुख्य प्रश्न एकच: टॅबलेट धरलाय कशाने? चार कोपऱ्यांत चामडी पट्ट्या असतील तर त्या ताणतात आणि वर्षभरात एक कोपरा सुटतो. चिकटवलेली प्लास्टिकची चौकट असेल तर उन्हात तापलेल्या गाडीत ती निघते. चारही बाजूंनी शिवलेली चौकट सगळ्यात भक्कम, पण ती एकाच मॉडेलची, आणि मायक्रोफोन, स्पीकर, बटणं यांची भोकं एक मिमीही चुकून चालत नाहीत. आयपॅडचा पुढचा कॅमेरा दहाव्या पिढीत, २०२२ मध्ये, आखूड बाजूवरून लांब बाजूवर गेला. एअर आणि प्रोमध्ये २०२४ साली. जुन्या नमुन्यावर कापलेली चौकट तेव्हाच बाद झाली. शिवाय चामडं उष्णता धरून ठेवतं. ॲपलने आयपॅड वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगितलंय. विदर्भातल्या एप्रिलमध्ये फोलिओत ठेवून चार्जिंग आणि व्हिडिओ कॉल एकदम करणं म्हणजे बॅटरीला भट्टीत घालणं. स्टँड म्हणून तर चामड्याची घडी सहा महिन्यांत इतकी मऊ होते की टॅबलेट हळूहळू मागे झोपतो.

झिपच्या कव्हराबद्दल थोडक्यात: आत संरक्षक पट्टी नसेल तर धातूचे दात रोज टॅबलेटच्या कडेवरून फिरतात.

ऑर्डर लिहून द्या, बोलून नको. मॉडेलचं पूर्ण नाव आणि वर्ष, तिन्ही मापं मिमीमध्ये, पाठीवर पातळ प्लास्टिक केस असेल तर त्याच्यासकटचं माप, पेन्सिल आत की बाहेर, तोंड आखूड बाजूला की लांब, कातडं क्रोमचं की सालीचं आणि किती मिमी, अस्तर कशाचं. कारागीर टॅबलेटच प्रत्यक्ष मागत असेल तर तो चांगला कारागीर. देता येत नसेल तर त्याच मापाचा पुठ्ठ्याचा नमुना कापून, जाडीसाठी थर चिकटवून द्या.

पावसाळ्यात कव्हर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. भिजलं तर टॅबलेट काढून घ्या, सुती कापडाने टिपून कव्हर पंख्याखाली वाळवा. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही नकोत, कातडं कडक होऊन आकसतं. पांढरी बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा. चपलेला लावतो तसं खोबरेल तेल लावायचा मोह होतो, पण ते डाग पाडतं, पडद्याला लागतं आणि जास्त झालं तर स्लीव्ह ढिलं करतं. वर्षातून दोनदा मधमाशीच्या मेणाचं बिनरंगी क्रीम, वाटाण्याएवढं, कापडावर घेऊन.

आणि नवा टॅबलेट घ्याल तेव्हा जुनं स्लीव्ह मोजून बघा. अकरा इंची प्रोचं २०२२ चं मॉडेल आणि एम४ यांत फरक लांबी-रुंदीत जेमतेम एक-दोन मिमीचा आणि जाडीत ०.६ मिमीचा, सैलावलेल्या कातड्यात नवा टॅबलेट बिनतक्रार बसतो. शिवलेल्या चौकटीचं फोलिओ मात्र त्या दिवशी भंगारात.